जॅनेटला बंद करू नका

आमच्या ऑफिसात काम कमी आणि वाट बघणं जास्त. म्हणजे काम असतं हो, पण ते मशीनं करत असतात. आपण बटण दाबायचं, केटल लावायची आणि स्क्रीनवर टक्क्यांचा आकडा पुढे सरकतोय का ते बघत बसायचं. अशा ठिकाणी माणसं काय करणार? बोलणार! आणि तीन माणसं रोज आठ-आठ तास बोलायला लागली की किस्से इतके साठतात की पोत्यात भरून ठेवावे लागतील. माझी लेक म्हणते, "आई, तू ऑफिसला जातेस की कट्ट्यावर?" मी म्हणते, "दोन्ही एकाच पत्त्यावर आहे, काय करू?"

पत्ता म्हणजे लंडनजवळचं मेडनहेड. खाली गालिच्यांचं दुकान, वर आमचा चिमुकला स्टुडिओ. अजून बांधलेल्याच नाहीत अशा इमारतींच्या फिल्म्स आम्ही आर्किटेक्ट लोकांना करून देतो. एका सेकंदाच्या फिल्मला पंचवीस चित्रं लागतात. काच, पाणी, सावल्या, झाडाचं पान अन् पान, सगळ्याचा हिशेब करून एक चित्र काढायला एका कॉम्प्युटरला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. एकट्या मशीनवर दोन मिनिटांची फिल्म टाकली तर इमारत आधी बांधून होईल! म्हणून साधे ऑफिसातले जुने साठ कॉम्प्युटर एकमेकांना जोडून ठेवलेत. ज्याचं चित्र झालं त्यानं पुढचं उचलायचं. याला म्हणतात रेंडर फार्म, आणि तो सांभाळते मी.

सासूबाईंना हे फोनवर समजावताना मी म्हटलं, "लग्नघरात एकटीनं पोळ्या लाटायच्या की साठ जणींनी बसायचं, तसं आहे."

त्या म्हणाल्या, "साठ जणी एका स्वयंपाकघरात? भांडत नाहीत?"

भांडतात ना! त्यासाठीच तर मला ठेवलंय.

*

ही साठ मशीनं क्रॉयडनच्या एका बंद पडलेल्या इन्शुरन्स ऑफिसातली. आमचा मालक कॉलिन ती व्हॅनमध्ये भरून घेऊन आला. कॉलिन साठीचा, बारा महिने अंगात तोच एक हिरवा कार्डिगन, आणि दिवसाला मोजून वीस वाक्यं. मशीनांवर जुन्या मालकांच्या चिठ्ठ्या तशाच होत्या. एकावर 'डेरेक', एकावर 'मॉरीन, अकाउंट्स'. आणि एकावर मोठ्या अक्षरात, "कृपया हे मशीन बंद करू नका. जॅनेट."

बाकीचे लोक मशीनांना एक, दोन, तीन असे नंबर देतात. आम्ही तीच नावं ठेवली. आणि जॅनेटला कुणी कधी बंद केलं नाही. का नाही, विचारू नका. बाईनं प्लीज म्हटलं होतं.

एकदा सकाळी कुरिअरवाली पार्सल द्यायला दारात उभी. तेवढ्यात कॉलिन आतून आला आणि मला म्हणाला, "काकू, वाईट बातमी. डेरेक गेला."

मी म्हटलं, "अगंबाई! पुन्हा? काल तर बरा होता."

कॉलिन म्हणाला, "आतून पार जळालाय. मॉरीनला त्याच्या जागी बसवतो."

कुरिअरवालीनं सही न घेताच पार्सल ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती परत आली आणि हळूच एक पाकीट देऊन गेली. आत पांढऱ्या फुलांचं कार्ड, 'तुमच्या दुःखात सहभागी'. तोपर्यंत नवीन पंखा टाकून डेरेक उठून बसला होता. ते कार्ड आम्ही त्यालाच चिकटवलं.

हो, कॉलिन मला काकू म्हणतो. माझं नाव वर्षा. पण ऑफिसातला तिसरा माणूस म्हणजे नील, वय सव्वीस, आई नाशिकची डॉक्टर, जन्म लीड्सचा, मराठी बोलतो पण 'तो-ती'चा घोळ घालत. संस्कार असे की पहिल्या दिवशीच मला 'वर्षा काकू' म्हणाला. कॉलिनला वाटलं आडनाव आहे. आता क्लायंटच्या ईमेलसुद्धा 'डिअर मिसेस काकू' अशा येतात.

*

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल.

मागच्या सप्टेंबरात कॉलिन लंडनला एका प्रदर्शनाला गेला आणि तिथून डोक्यात किडा घेऊन आला. म्हणाला, "काकू, हल्ली कुणी स्वतःची मशीनं ठेवत नाही. सगळे इंटरनेटवरून भाड्यानं घेतात. काम तिकडे पाठवायचं, चित्रं इकडे येतात. पुढच्या उन्हाळ्यात ठरवू."

ठरवू म्हणजे काय ते मला कळलं. मशीनं नाहीत तर मशीनवाली कशाला?

तुम्हाला म्हणून सांगते. पुण्याहून लग्न करून आले तेव्हा कॉम्प्युटरची डिग्री होती हो माझ्याकडे. पण ह्यांच्या बदल्या, आज या हॉस्पिटलात, उद्या त्या. मुलं, शाळा, पुन्हा घर बदल. वीस वर्षं मी डॉक्टरांची बायको होते. माझी ओळख करून देताना लोक आधी ह्यांचं स्पेशलायझेशन सांगायचे! सत्तेचाळिसाव्या वर्षी कॉलिननं मला पहिली नोकरी दिली. इंटरव्ह्यूमध्ये एकच प्रश्न विचारला, "स्क्रूड्रायव्हर चालवता येतो?" त्या खोलीतलं प्रत्येक मशीन मी हातानं उघडलंय, पुसलंय, जोडलंय. आणि ती खोली आता जाणार!

*

त्यामुळे त्या वर्षीची खंडेनवमी मी जरा जास्तच मनापासून केली. एरवी पाच मशीनांना कुंकू लावून बाकीच्यांना लांबूनच नमस्कार करायची. त्या वर्षी साठच्या साठ! झेंडूच्या माळा, हळद, कुंकू, पेढ्यांचा नैवेद्य. नील ताट धरून मागे. म्हणाला, "काकू, तो अलार्म बघा. खूप सेन्सिटिव्ह आहे ती."

मी म्हटलं, "उदबत्ती लावत नाहीये रे. कापूरच तर आहे."

अलार्म वाजला. एका खोलीत नाही, अख्ख्या बिल्डिंगमध्ये! नियम असा की सगळ्यांनी पार्किंगमध्ये जाऊन उभं राहायचं. खालचा गालिचेवाला मापाची टेप घेऊनच बाहेर आला. त्याची गिऱ्हाईकबाई जिन्याचा गालिचा काखेत मारून आली. मी आरतीचं ताट घेऊन. आणि पाच मिनिटांत लाल गाडी दारात.

सहा फुटी फायरमन, हातात वही. "काय जळत होतं?"

आता काय सांगणार? खरं तेच सांगितलं. आज हत्यारांची पूजा असते, वर्षभर ज्यांच्यावर पोट चालतं त्यांना नमस्कार करायचा, कुरकुर करू नका म्हणून विनवायचं.

त्यानं सगळं लिहून घेतलं. मग वही मिटली, इकडे-तिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "फरक पडतो का?"

मी म्हटलं, "पडतो तर!"

"आमचा एक पंप आहे, थंडीत हमखास दगा देतो."

मग काय! फायर इंजिनची पूजा केली भर पार्किंगमध्ये. लाल गाडीवर कुंकू दिसेना, म्हणून हळदीचा हात सढळ ठेवला. पुढे माळ बांधली. गालिचेवाल्यानं टाळ्या वाजवल्या. कॉलिननं पेढे वाटले. डिसेंबरात तीच गाडी हाय स्ट्रीटवर दिसली, वाळलेला झेंडू अजून आरशाला लटकत होता. ड्रायव्हरनं मला बघून अंगठा वर केला.

पंपाचं जमलं म्हणजे. माझं अजून बाकी होतं.

*

फेब्रुवारीत तर मी स्वतःच्या हातानं घोटाळा केला. नाही, नीलच्या हातानं. पण मूळ मीच.

इंग्लंडच्या थंडीत दही लागत नाही. ओव्हनचा दिवा, ब्लँकेट, गरम पाण्याची पिशवी, सगळे उपाय करून झाले. मग शोध लागला की मशीनं काम करत असली की मॉरीनच्या डोक्यावर दही फर्स्ट क्लास लागतं. सकाळी विरजून भांडं ठेवायचं, संध्याकाळी घरी न्यायचं. सुरीनं कापावं असं!

एका बुधवारी काम लवकर संपलं. मशीनं थंड पडायला लागली. भांड्यात अजून दूधच. मी म्हटलं, "नील, गेलं आता माझं दही. उद्या माझ्याकडे भिशीच्या बायका जेवायला आहेत."

पोरगा गुणी. म्हणाला, "काकू, मी आहे ना." आणि त्यानं एका जुन्या फिल्मची जड चित्रं पुन्हा काढायला लावली. एकट्या मॉरीनवर, गरम राहण्यापुरती. कामाच्या यादीत प्रत्येक कामाला नाव द्यावं लागतं. त्यानं नाव दिलं, 'दही, फायनल'.

आम्ही दोघं दुपारी सँडविच आणायला गेलो. इकडे कॉलिननं यादी उघडली. त्याला वाटलं, दही हा कुणी नवीन क्लायंट. फायनल म्हणजे घाईचं असणार. आणि बिचाऱ्यांचं काम एकाच मशीनवर पडलंय! त्यानं काय करावं? काम सगळ्यांच्या वर नेलं आणि साठही मशीनांना वाटून दिलं. मग तितक्यात आलेलं खरं काम, एका शाळेच्या इमारतीचं, संध्याकाळपर्यंत मागे रांगेत.

संध्याकाळी शाळेच्या आर्किटेक्टचा फोन आला तेव्हा सगळं उघडं पडलं. नील लालबुंद. मी म्हटलं, चूक माझी आहे, आणि भांडंच कॉलिनपुढे ठेवलं. मनात म्हटलं, संपलं. आता उन्हाळ्याची वाटसुद्धा बघणार नाही हा.

कॉलिननं झाकण काढलं. भांडं तिरपं करून बघितलं. दही हललं नाही.

"बरं," तो म्हणाला, "आज वेळेवर पूर्ण झालेलं हे एकच काम." आणि चमचा आणायला गेला.

*

हसू नका, कारण पुढचा किस्सा घडला तेव्हा मी हसत नव्हते.

मे महिन्यात एका कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, नव्या स्विमिंग पूलची फिल्म आली. काचेचं छप्पर, निळं पाणी, पाण्यात मुलं, म्हाताऱ्या, सगळे पोहतायत. आमचं सगळ्यात मोठं काम. माणसं दाखवायला एक नवीन सॉफ्टवेअर घेतलं होतं. ते मी रविवारी येऊन एकेका मशीनवर घातलं. घातल्यावर मशीन एकदा बंद करून चालू करावं लागतं. एकोणसाठ केली.

जॅनेटला केलं नाही. हात पुढे गेला, ती चिठ्ठी वाचली आणि हात मागे आला. म्हटलं, चालेल तसंच.

फिल्म वेळेत तयार झाली. पहिला सेकंद बघितला, सगळं छान होतं, घाईत पाठवली. दोन दिवसांनी पूल कमिटीच्या अध्यक्षबाईंचा फोन आला. वय ऐंशीच्या आसपास, रोज सकाळी पोहणाऱ्या. कॉलिननं फोन स्पीकरवर टाकला. बाई म्हणाल्या, "फिल्म सुंदर आहे. फक्त एक शंका. दर दोन-अडीच सेकंदांनी सगळी माणसं बुडतात का?"

जॅनेटकडे माणसांचं सॉफ्टवेअर चालूच झालं नव्हतं. साठातलं एक चित्र तिच्याकडे गेलं की पूल रिकामा! क्षणभर सगळे गायब, पुन्हा हजर. बाई पुढे म्हणाल्या, "मी त्यातली फुलाफुलांच्या टोपीवाली आहे असं समजत होते. मला काळजी वाटली."

बाई हसल्या, नील हसला. कॉलिन हसला नाही. जॅनेटच्या वाट्याची चित्रं मॉरीनकडून काढून घेऊन फिल्म पुन्हा पाठवली, त्यांना आवडलीही. पण फोन ठेवल्यावर तो शांतपणे म्हणाला, "भाड्याच्या मशीनांत असं होत नाही, काकू." रागानं म्हणाला असता तर मी भांडले असते. 

घरी जाऊन मी ह्यांच्यासमोर रडले. हे म्हणाले, "अगं, पेन्शन आहे, कशाला काळजी करतेस?" पेन्शनचं काय घेऊन बसलात, मी म्हटलं, मला सोमवारी सकाळी जायला जागा हवी! ह्यांनी मग निमूटपणे खिचडी टाकली. जन्मात पहिल्यांदा.

*

आणि आता त्या 'ठरवू'चं.

जूनमध्ये एका मंगळवारी कॉलिननं भाड्याच्या मशीनवाल्या कंपनीचा माणूस बोलावला. केंब्रिजहून आला. नाव टोबी. चकचकीत बूट, नवा कोरा सूट, लेबल कापल्याची खूण अजून बाहीवर. मी ठरवलं होतं, चहा विचारायचा नाही. अगदी पाणीसुद्धा नाही.

टोबीचा बेत साधा. स्वतःच्या लॅपटॉपमधली दहा सेकंदांची फिल्म, काचेच्या भांड्यात पडणारी लिंबं, एकेक चित्र दोन-तीन मिनिटांत व्हावं अशी मुद्दाम हलकी ठेवलेली, ती आमच्यासमोर इंटरनेटवरून त्यांच्या मशीनांना पाठवायची आणि किती झटकन चित्रं परत येतात ते दाखवायचं. त्यानं लॅपटॉप मोठ्या स्क्रीनला जोडला. घसा साफ केला. आणि तेवढ्यात बाहेर रस्ता खणणाऱ्यांनी केबल तोडली.

इंटरनेट गेलं. सगळ्या बिल्डिंगचं. खाली जाऊन विचारलं तर गडी म्हणाला, संध्याकाळपर्यंत.

टोबी मोबाइल घेऊन खिडकीत गेला. आमच्याकडे मोबाइलला रेंजची एकच दांडी मिळते, तीही खिडकीबाहेर हात काढला तर. तो हात काढून उभा राहिला. मग दुसरा हात काढला. कॉलिन घड्याळाकडे बघत होता. टोबी म्हणाला, "माझी एक वाजता पुढच्या गावी, रीडिंगला, मीटिंग आहे. ही माझी एकट्यानं केलेली पहिलीच व्हिजिट आहे." आणि बोलताना दोन्ही हात अजून खिडकीबाहेरच होते हो! माझा मुलगा पहिल्या इंटरव्ह्यूला गेला तेव्हा असाच पांढराफटक पडला होता.

आता काय सांगू तुम्हाला. जीभ माझी, पण ताबा नाही. मी म्हणाले, "बाळा, फाइल तुझ्या लॅपटॉपवरच आहे ना? आमच्या मशीनांवर टाक की. इथल्या इथे तार आहे, इंटरनेट लागतच नाही."

नीलनं माझ्याकडे असं बघितलं की मी वेडीच झालेय. हळूच मराठीत म्हणाला, "काकू, तुम्ही काय करता? तो तर तुमचा नोकरी घेऊन जाणार!"

मी म्हटलं, "घेऊ दे. आधी चहा टाक त्याला."

टोबीची फाइल आमच्या साठांवर गेली. पंखे एकदम चढले. मॉरीन, डेरेक, सगळी मंडळी कामाला लागली. मी मधून फिरत होते, एखादीनं आज कच खाल्ली तर तिला हातानं धरून चालवायचं म्हणून. कुणी कच खाल्ली नाही. चहा आणि दोन बिस्किटं होईपर्यंत, म्हणजे तेरा-चौदा मिनिटांत, सगळी चित्रं तयार. मोठ्या स्क्रीनवर लिंबं काचेत पडली, पाणी उडालं, उन्हाचा कवडसा टेबलावर नाचला. एकही लिंबू गायब नाही!

आणि टोबीच्या अंगात वारं शिरलं. महिनाभर आरशासमोर पाठ केलेलं असणार, ते थांबेना. तो ताडकन उभा राहिला, स्क्रीनकडे हात केला आणि पंख्यांच्या वर आवाज चढवून म्हणाला, "बघा कॉलिन! किती फास्ट!"

"खरंच फास्ट," कॉलिन म्हणाला.

"क्वालिटी बघा. कुठे डाग आहे?"

"नाही."

"आणि तुम्हाला काही करावं लागलं? तुम्ही नुसते चहा पीत बसलात!"

"छान होता चहा," कॉलिन म्हणाला.

नीलनं तोंडावर हात दाबून धरला होता. मी पदर नव्हता म्हणून स्कार्फ चावत होते. टोबीनं शेवटचं पाठ केलेलं वाक्य काढलं, पुढे वाकून, अगदी कॉलिनच्या डोळ्यांत बघून. "मग मला सांगा, आजच हो म्हणायला काही अडचण आहे का?"

कॉलिननं स्क्रीनकडे बघितलं. मग दारातून आतल्या खोलीकडे बघितलं, गरम हवा बाहेर येत होती तिकडे. मग माझ्याकडे.

"काहीच नाही," तो म्हणाला. "ठरलं. हेच ठेवू या."

टोबीचा चेहरा असा फुलला! त्यानं कॉलिनचा हात दोन्ही हातांनी गदागदा हलवला. नीलचा हलवला. मग माझ्याकडे आला, माझाही हात धरला आणि म्हणाला, "अभिनंदन, काकू! तुम्हाला कधीच पश्चात्ताप होणार नाही!"

"नाही रे बाळा," मी म्हटलं, "मुळीच नाही." आणि त्याला रीडिंगच्या गाडीसाठी बिस्किटांचा पुडाच देऊन टाकला.